आजची भाकर : ख्रिस्ती आईच्या प्रार्थनेविषयी

आजवर ह्या व्यासपीठावरून मी बोललो ते पगार, बोनस आणि भविष्य-निर्वाह निधी ह्यांविषयी. ह्या वर्षी प्रार्थनेवर बोलणार असे कळताच एका मित्राने हसून विचारले, "भाऊ, युनियनचा माणूस देवाच्या दारात केव्हापासून उभा राहू लागला?" मी काही धर्मशास्त्र शिकलेला नाही. सातवीनंतर शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. आजचा विषयही मला फाटकावरच मिळाला. तो तेथून कसा मिळाला हे आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजावयास सोपे जाईल.

तीसएक वर्षे झाली. आमच्या भागातील एका कारखान्यात चार महिन्यांचा पगार थकला आणि एके सकाळी फाटकाला कुलूप दिसले. आम्ही धरणे धरले. धरणेकऱ्यांत एक फिटर होता, धर्माने ख्रिस्ती. एका रात्री निरोप देण्यासाठी मी त्याच्या घरी गेलो, तो घरची प्रार्थना चालू होती. मी दारातच थांबलो. त्याची बायको, जिला आम्ही सगळे मावशी म्हणत असू, डोळे मिटून अगदी रोजच्या बोलीत बोलत होती. प्रथम तिने उपकार मानले : आज नळाला पाणी आले, धाकटीचा ताप उतरला. मग कबुली दिली : दुपारी शेजारणीला टाकून बोलले. मग एकेकाचे नाव घेऊन मागणे मागितले. नवऱ्याचे नाव झाले, मुलांची झाली. शेजारच्या तीन बिऱ्हाडांची झाली, त्यांत एकही ख्रिस्ती नव्हते. 'कमिटीवाले भाऊ' म्हणून माझेही झाले. आणि सर्वांत शेवटी मालकाचे. 'आमेन' झाल्यावर मी जरा चिडूनच म्हणालो, "मावशी, मालकासाठी कसलं मागणं?" ती म्हणाली, "भाऊ, त्याचं डोकं ठिकाणावर यावं म्हणून तुम्ही रोज फाटकावर ओरडता. मी तेच मागते, हळू आवाजात."

ते बोलणे मला मनाला येईल तसे वाटले होते. परंतु त्याला एक घडण आहे, हे मागाहून वाचनाने कळले. उपकारस्तुती, पापाची कबुली, स्वतःसाठी मागणे आणि इतरांसाठी मागणे, अशा तिच्या पायऱ्या आहेत. प्रॉटेस्टंट घरांत संध्याकाळी एखादे गीत म्हणून, शास्त्रातील चार ओळी वाचून ही प्रार्थना होते. वसईकडील कॅथलिक घरांत हातात माळ घेऊन सगळे घर प्रार्थनेला बसते. शेवटचा 'आमेन' हा शब्द हिब्रू आहे. 'तसेच असो', 'हे खरे आहे', असा त्याचा भाव.

ह्या सर्वांच्या मुळाशी येशूने शिष्यांना शिकविलेली एक लहानशी प्रार्थना आहे. ती मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या आणि लूकच्या अकराव्या अध्यायात येते. ती वाचताना माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांत तीन गोष्टी चटकन भरतात. पहिली ही की, तिच्यात 'मी' नाही, 'मला' नाही. सारे मागणे 'आम्हां'साठी आहे. एकटी बाई कोपऱ्यात बसून ती म्हणाली, तरी तिला सर्वांच्या वतीनेच बोलावे लागते. दुसरी ही की, तिच्यात भाकर मागितली आहे आणि तीही आजच्यापुरती. तिसरी अशी की, मत्तयाने पापासाठी जो शब्द वापरला आहे तो हिशेबाच्या वहीतला आहे : ऋण. आमचे ऋण माफ कर, आम्हीही आमच्या ऋणकोंना माफ केले आहे, असा तो भाव. वाण्याकडे उधारी थकलेल्या घरात हा शब्द कानाला कसा लागत असेल, हे खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावयास नको.

भाकरीसंबंधीचा मूळ ग्रीक शब्द इतका दुर्मिळ आहे की, विद्वान अजून त्याच्यावर वाद घालतात. कोणी म्हणतात 'आजची', कोणी म्हणतात 'येणाऱ्या दिवसाची', तर कोणी 'जगण्यापुरती'. रोजंदारीवर जगणाऱ्याला हे तिन्ही अर्थ एकच वाटतील. तो काळही रोजंदारीचाच होता. मजूर बाजारात उभे आहेत, द्राक्षमळ्याचा धनी त्यांना वेगवेगळ्या वेळी कामाला नेतो आणि संध्याकाळी सर्वांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवतो, हा दृष्टान्त मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. पहाटे मजुरांच्या ठिय्यावर जाऊन पाहा, तेच चित्र दिसेल. गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, कारण त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो, अशी आज्ञा त्याहूनही जुन्या अनुवादाच्या ग्रंथात आहे. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने मालकाला महिना संपल्यावर सात ते दहा दिवसांची मुदत दिली होती. ती पाळून घेण्यातच आमच्या लोकांची उमर गेली!

आता कोणी म्हणेल की, ही परदेशी पुस्तकातली गोष्ट झाली. ती मराठी कशी झाली, ह्याचे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांच्या घरात सापडते. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई तेव्हा हिंदूच होत्या. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने वर्षे काढली आणि १९०० साली स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरच्या त्यांच्या घरात पैसा टिकत नसे. टिळक हातचे देऊन टाकीत. पोरक्या मुलांचा मात्र राबता असे. १९०७ साली आपल्या जळगावात कविसंमेलन भरले आणि धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या मुलाला 'बालकवी' ही पदवी मिळाली. हा आपला खानदेशी मुलगा पुढे टिळकांच्या घरी राहिला. तो हिंदूच राहिला आणि त्या ख्रिस्ती आईच्या पंगतीत घरचा होऊन जेवला. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून तो गेला. पुढच्याच वर्षी टिळकही गेले. इतके होऊनही, शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईने 'स्मृतिचित्रे' लिहिली. टिळकांनी अर्धवट सोडलेल्या 'ख्रिस्तायना'चे बहुतेक अध्यायही तिनेच लिहिले.

टिळकांनी आणखी एक काम केले. त्यांच्या आधीची ख्रिस्ती गीते बरीचशी इंग्रजीवरून आणि इंग्रजी चालींवर बेतलेली असत. टिळकांनी ती अभंगाच्या, ओवीच्या अंगाने लिहिली. त्यामुळे जात्यावर बसणाऱ्या बाईच्या गळ्यात जो सूर होता, त्याच सुरात ख्रिस्ती आईला आपले मागणे मांडता आले.

प्रार्थना केली म्हणजे मागितलेले मिळते, असे मात्र मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंकडे पाहा. लहानपणी दुष्काळाने त्यांचे आईवडील नेले, १८८२ साली वैधव्य आले, १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. तेथे प्रार्थना होई, आणि छापखाना, शेती, विणकाम, तेलघाणाही चाले. हात जोडून झाले की तेच हात कामाला लागत. एवढी मोठी श्रद्धा. तरी एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली आईच्या आधी गेली. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून चाललेले बायबलचे भाषांतर सोडले नाही. ते पुरे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या.

धर्म ही अफू आहे, असे आमच्या चळवळीतल्या जुन्या मंडळींनी मला शिकविले. पुष्कळदा ते खरेही असते. 'देवाची इच्छा' म्हणून उपासमार सोसायला शिकवणारे मी पाहिले आहेत. परंतु युनियनचाच इतिहास दुसरी बाजूही सांगतो. इंग्लंडातील टॉलपडल ह्या खेड्यातल्या सहा शेतमजुरांना संघटना बांधून शपथ घेतली म्हणून १८३४ साली सात वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली. त्यांचा पुढारी जॉर्ज लव्हलेस हा मेथॉडिस्ट पंथाचा प्रवचनकार होता. मागे राहिलेल्या बायकांनी गावची मदत मागितली, तीही नाकारली गेली. लोकांनी वर्गणी काढून ती घरे जगविली, आणि १८३६ साली सरकारला माफी द्यावी लागली. प्रार्थनेला बसणारी माणसे तेथे संघटनेलाही बसली होती.

आता पुन्हा आमच्या फाटकाकडे येतो. त्या धरण्यात माझा एक जवळचा गडी होता. सभेत सर्वांत मोठी घोषणा त्याची. घरी काय चालले आहे, हे त्याने कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. एके दिवशी तो आला नाही. बायकोचे डोरले मोडून, मुलांना आजोळी टाकून तो कोणालाही न सांगता गाव सोडून गेला होता. आज इतक्या वर्षांनीही त्याचा पत्ता नाही. मी त्याचा पुढारी होतो. त्याच्या धाकट्या मुलाचे नावसुद्धा मला ठाऊक नव्हते. मावशीला ठाऊक होते; तिच्या प्रार्थनेत ते रोज येत होते.

तेव्हा मला उमगले ते हे. अनिश्चित काळात घराला सर्वांत आधी पोखरते ती न बोललेली भीती. ती आई दर रात्री ती भीती नाव घेऊन, सगळ्यांच्या देखत बाहेर काढीत होती. उद्याचा, परवाचा, वर्षाचा डोंगर ती एकदम उचलीत नव्हती. आजच्या भाकरीएवढाच तुकडा पुढ्यात घेत होती. बापही तेथे मान खाली घालून "मला भीती वाटते" असे म्हणू शकत होता. आमच्या सभेत त्याला ते म्हणता येत नव्हते. देवाने ऐकले की नाही, हे मी सांगू शकत नाही. नवऱ्याने ऐकले, मुलांनी ऐकले, एवढे मी दारात उभा राहून पाहिले.

तो कारखाना पुन्हा उघडला नाही. थकलेल्या पैशांपैकी काही सात वर्षांनी हाती आले. मावशीचा थोरला मुलगा सुरतेला कामाला गेला आणि त्याच्या खोलीतल्या सहा मुलांची नावे तिच्या प्रार्थनेत वाढली. आता ती हयात नाही.

मी अजून प्रार्थना करीत नाही. मात्र तेव्हापासून आमच्या कमिटीच्या प्रत्येक बैठकीचा पहिला विषय ठरलेला आहे. आम्ही त्याला 'घरची हजेरी' म्हणतो. कोणाच्या घरी आजारी कोण, कोणाची फी थकली, कोण चार दिवस दिसला नाही, हे एकेकाचे नाव घेऊन विचारावयाचे आणि वहीत लिहावयाचे. मागण्यांचा कागद त्यानंतर उघडतो.