जुनी स्पोर्ट्स बाइक घेताय? आधी कागद, मग गाडी!

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा कामाला लागला. पहिले सहा महिने पगार त्याने आईच्या हातात दिला आणि सातव्या महिन्यात विषय काढला, स्पोर्ट्स बाइक घ्यायची. नवी परवडत नाही, पण जुनी मिळते आहे. वहिनींनी साठवलेले २० हजार आणि पतपेढीचे ४० हजार कर्ज, असा हिशेबही त्याने मांडून ठेवला होता. "काका, गाडी एकदम टकाटक आहे. मालकाने फक्त रविवारीच चालवलीय," असे तो म्हणाला. आम्ही एवढेच विचारले, "आरसी बुक कोणाच्या नावावर आहे?" ते त्याला ठाऊक नव्हते. गाडीचा रंग ठाऊक होता, सायलेन्सरचा आवाज ठाऊक होता, मालकाचे पूर्ण नाव मात्र ठाऊक नव्हते.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. २००१ साली बजाजची पल्सर आली, २००८ साली यामाहाची आर-१५ आणि २०१२ साली चाकणला तयार होणारी केटीएमची ड्यूक २००. अशा गाड्या आता जुन्या बाजारात आल्या आणि आपल्या मुलांच्या आवाक्यातही आल्या. कमावत्या मुलाने हौस करू नये असे आम्ही म्हणणार नाही. पण आईची शिल्लक आणि पतपेढीचा हप्ता ज्या गाडीत जाणार, ती डोळे उघडे ठेवून घ्यायला हवी.

कागद काय सांगतात?

आरसी बुकावरचे नाव आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्रावरचे नाव एकच आहे ना, हे प्रथम पाहावे. "मित्राची आहे, तो गावी गेलाय," असे उत्तर आले तर मित्र गावाहून येईपर्यंत थांबावे. मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी आकडा-आकडा ताडून पाहावा. चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मुंडीजवळ सांगाड्यावर कोरलेला असतो. आकडे घासलेले दिसले किंवा नेमका तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला, तर गाडी कितीही स्वस्त असो, परत फिरावे. चोरीची गाडी पकडली गेली की गाडी जाते, पैसे जातात आणि पोलीस चौकीच्या खेपा मात्र आपल्या वाट्याला येतात.

गाडीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा आहे का, हे आरसी बुकावरच लिहिलेले असते. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म, दोन्ही हवेत. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म हवा, शिवाय इथला करही भरावा लागतो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना हाही खर्च धरावा. एमपरिवहन या मोबाइल अॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी आणि विम्याची माहिती दिसते. थकलेली चलाने पाहून ती आधी विकणाऱ्याला भरायला लावावीत.

विम्याबाबत पुष्कळजण फसतात. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला. त्यामुळे विकणारा म्हणतो, "विमा चालू आहे," आणि ते खोटेही नसते. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल तेवढेच. आपली गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर त्यात काही मिळत नाही. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करावा.

गाडी थंड असताना पाहा

गाडी दिवसाउजेडी पाहावी आणि ओळखीचा गॅरेजवाला सोबत न्यावा. त्याला दिलेले दोन-चारशे रुपये वाया जात नाहीत. "आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका," असे आधीच कळवावे. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावावा. गरम लागले तर काहीतरी झाकले आहे असे समजावे, कारण दुखणे कळते ते थंड इंजिन चालू करताना. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे. आर-१५ आणि ड्यूक यांना रेडिएटर असतो. अशा गाडीत ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरले आहे, आणि ते काम खर्चाचे असते.

स्पोर्ट्स बाइक पडलेली आहे का, हे शोधणे सर्वांत महत्त्वाचे. बाजूचे प्लॅस्टिक बदलले की गाडी नवीसारखी दिसते, म्हणून प्लॅस्टिक पाहू नये. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोके, फूटरेस्टची टोके आणि इंजिनाच्या बाजूची झाकणे घासलेली आहेत का ते पाहावे. हँडल पूर्ण वळवल्यावर सांगाड्यावरच्या ज्या ठोकळ्याला अडते, तो चेपलेला असेल तर गाडीला मोठा मार बसला आहे. दोघांनी मिळून पुढचे चाक उचलावे आणि हँडल सावकाश वळवावे. मधोमध खटका लागला तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ असेल तर सील गेले, किंवा नळीच वाकली आहे.

मागच्या चक्रावरून चेन मागे ओढून पाहावी. ती दातांवरून बरीच उचलली गेली तर पूर्ण चेनसेट बदलावा लागेल. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि पावसात घसरते. मीटरचे किलोमीटर मागे फिरवता येतात, म्हणून ते फूटरेस्टच्या रबराशी आणि सर्व्हिसच्या नोंदींशी ताडून पाहावेत. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर बिघाड लपवण्यासाठी तोडला असण्याचा संभव आहे.

दुरुस्तीचा, टायरचा, विम्याचा आणि आरटीओचा खर्च कागदावर मांडून तो किमतीत मिळवावा. मगच गाडी स्वस्त की महाग ते ठरते.

नाव बदलले का?

हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही आमची स्कूटर एका ओळखीच्या माणसाला विकली. टीटी फॉर्मवर, म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या दिल्या, पैसे घेतले आणि विसरून गेलो. तीन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. स्कूटर एव्हाना चौथ्या हातात गेली होती, विमा संपला होता, एक पादचारी जखमी झाला होता आणि आरसी बुकावर नाव होते आमचे! भरपाईसाठी आम्हाला भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलावी लागली. ती मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली होती.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच सांगितले. गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताच्या दिवशी नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा नियम आहे. घेणाऱ्याने नाव बदलेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवावी. विकणाऱ्याने अर्जाची पावती जपून ठेवावी आणि नवे आरसी बुक डोळ्यांनी पाहावे.

आणखी एक गोष्ट आयाबापांसाठी. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स १८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अकरावीतल्या मुलाच्या हट्टापुढे मान तुकवण्याआधी हे आठवावे.

पुतण्याला आम्ही ती 'टकाटक' गाडी पाहायला घेऊन गेलो. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा निघाला. मालक म्हणाला, "हप्ते मी भरतो, तुम्ही गाडी चालवा." आम्ही चहा घेतला आणि उठलो. पोरगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तीन महिन्यांनी त्याने दुसरी गाडी पाहिली, तेव्हा चेसिस नंबर त्याने स्वतः वाचला. आज आरसी बुकावर त्याचे नाव आहे आणि ते पाहिल्यावरच वहिनींनी राखून ठेवलेले शेवटचे पाच हजार मोजून दिले.