शक्य नव्हतं, तरी टोचतं : कोविड वॉर्डातली नैतिक तगमग

कांटचं एक सूत्र आपण जाणतो : जे करणं शक्यच नाही, ते कर्तव्य ठरत नाही. आज हे सूत्र कोविडच्या वॉर्डात नेऊन पाहू या. तिथे ते पुरत नाही, असं आम्हांला वाटतं.

एप्रिल २०२० मध्ये साथ सोलापुरात शिरली. आपल्याकडच्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्या कशा दाट आहेत, हे सांगायला नको. दारात उभी राहून आशाताई सांगायची, "पेशंटला वेगळ्या खोलीत ठेवा." सांगतानाच तिला दिसत असायचं, की दुसरी खोलीच नाही. पुढच्या एप्रिलात रेमडेसिविरचा तुटवडा झाला. खरं तर जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच हे औषध वापरू नये, असं सुचवलं होतं. तरी नातेवाईक रांगा लावत होते, आणि 'इंजेक्शन का नाही?' हा प्रश्न समोरच्या सिस्टरलाच झेलावा लागत होता.

याला आपण सरसकट 'ताण' म्हणतो. थकवा झोपेनं जातो. हे जात नाही. अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये नर्सिंगच्या नीतिशास्त्रावर लिहिताना याला वेगळं नाव दिलं. आपण त्याला नैतिक तगमग म्हणू : योग्य काय ते कळतंय, पण व्यवस्था ते करू देत नाही. आणि गंमत बघा, गंमत कसली, दुःखच ते, 'तुमचा दोष नव्हता' एवढं सांगून ती शमत नाही. बर्नार्ड विल्यम्स ट्रक ड्रायव्हरचं उदाहरण देतात. चूक नसताना त्याच्या गाडीखाली मूल येतं. बघ्यांना वाईट वाटतं, त्यालाही वाटतं. पण त्याचं वाटणं निराळं, कारण हात त्याचे होते. 'काही वाटून घेऊ नकोस' म्हणून त्यानं लगेच शीळ घालत घर गाठलं, तर आपल्यालाच तो माणूस विचित्र वाटेल. म्हणजे ही अपराधी भावना आजार नव्हे, शाबूत विवेकाची खूण आहे.

मग प्राणायामाचे वर्ग भरवून काय साधतं? थोडी झोप लागेल, ठीक आहे. पण अडचण खोलीची होती, खाटांची होती. 'देवदूत' म्हणण्यानं तर तोंडच बंद होतं. देवदूतानं तक्रार कशी करायची? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ मध्ये चीनमध्ये गेले, वय अवघं ३२. त्यांच्या त्यागावर आपण भरभरून बोलतो, पण त्यांच्या थकव्यावर कुणी बोलत नाही.

२२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या. १५ जून २०२१ ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या. कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका', म्हणून पगार नाही, मानधन. आठवडाभरानं संप मिटला. हजार रुपये वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता ठरला. त्या वेळी थाळी घेऊन कुणी गॅलरीत आलं नाही.