माफी जाहीर झाली, प्रश्न तसेच राहिले

घोटाळा उघड झाला की नेता भाषण करतो. वस्तीत काम करताना आम्ही अशी भाषणे ऐकली आहेत, टाळ्याही वाजवल्या आहेत. त्यातून विश्वास परत येतो का? अमेरिकेतील 1974 सालचा प्रसंग यासाठी समजून घेण्यासारखा आहे.

वॉटरगेट प्रकरणात दोन वर्षे हात झटकणारे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन स्वतःच्याच ध्वनिफितींमुळे उघडे पडले आणि 9 ऑगस्टला पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले जेराल्ड फोर्ड उपराष्ट्राध्यक्षही निवडणुकीने झालेले नव्हते. निक्सन यांनीच त्यांचे नाव सुचवले होते आणि संसदेने ते मंजूर केले होते.

फोर्ड यांनी ही उणीव झाकली नाही. तुम्ही मला मतपत्रिकेने निवडलेले नाही याची मला जाणीव आहे, असे ते पहिल्याच भाषणात म्हणाले. इथे राज्य कायद्याचे आहे, माणसांचे नाही, असेही त्यांनी सांगितले. लोकांच्या मनातली शंका त्यांनी आपणहून बोलून दाखवली. आमच्या मते त्या छोट्या भाषणाचे बळ यातच होते. गॅलपच्या पाहणीत 71 टक्के लोकांनी त्यांना पसंती दिली.

मग 8 सप्टेंबरचा रविवार उजाडला. खटला उभा राहण्याआधीच फोर्ड यांनी निक्सन यांना संपूर्ण माफी जाहीर केली. दया, देशाची शांतता, निक्सन कुटुंबाचे दुःख हे सगळे त्या भाषणात होते. पण महिन्यापूर्वी सांगितलेले कायद्याचे राज्य कुठे गेले, हे लोकांना कळेना. महिनाअखेर पसंती 50 टक्क्यांवर आली. फोर्ड यांच्या प्रसिद्धी सचिवांनी, जेरल्ड टरहॉर्स्ट यांनी, निषेध म्हणून पद सोडले. (आपल्यातले किती जण पद सोडतील, हा वेगळा विषय.)

आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते 17 ऑक्टोबरला घडले. फोर्ड प्रतिनिधीगृहाच्या उपसमितीसमोर स्वतः हजर राहिले. भाषणात कोणी उलट विचारू शकत नाही, इथे विचारता येत होते. न्यूयॉर्कच्या तरुण सदस्य एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी विचारले की, माफीपत्रात निक्सन यांच्या गुन्ह्यांचा उल्लेख का नाही आणि सौद्याच्या संशयाचे काय? कोणताही सौदा झालेला नाही, असे फोर्ड यांनी ठामपणे सांगितले.

तरीही 1976 ची निवडणूक ते जिमी कार्टर यांच्याकडून थोडक्यात हरले. मी तुमच्याशी कधीही खोटे बोलणार नाही, असे कार्टर प्रचारात सांगत फिरत होते.