नाकातली नळी आणि केसपेपरवरची ओळ

लालबाग-परळच्या दवाखान्यांत आमची नोकरीची वर्षे गेली. नोकरी सोडून वस्तीत काम करू लागलो, तरी वॉर्डातले एक दृश्य अजून बदललेले दिसत नाही. पेशंट आडवा पडलेला, नाकात नळी. सिस्टरला चाळीस पेशंट सांभाळायचे असतात, म्हणून त्या उशाशी बसलेल्या मुलीच्या हातात सिरिंज देतात आणि सांगतात, "दर दोन तासांनी दूध द्या." मुलगी मान डोलावते. नळी पोटातच आहे ना, हे तिला कोणी सांगत नाही आणि विचारायचे असते हे तिलाही ठाऊक नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. गिळता येईना म्हणून नळी घातली. एका रात्री त्यांनी ती ओढली, निम्मी बाहेर आली. कोणीतरी ती परत आत सारली आणि चिकटपट्टी लावली. पहाटे सुनेने नेहमीसारखे दूध दिले. थोड्याच वेळात आजोबांना धाप लागली, ओठ निळे पडले. दूध फुप्फुसात गेले होते. पाचव्या दिवशी ते गेले. केसपेपरवर त्या रात्रीची नोंद एवढीच: "आर.टी. फीड दिले." नळी निघाली कधी, परत घातली कोणी, तपासली का, यावर एक अक्षर नाही. सून आजही म्हणते, "माझ्याच हाताने गेले." दोष तिचा नव्हता, पण ते दाखवायला आमच्याकडे कागद नव्हता.

याच परळमध्ये नळीच्या नोंदीचे दुसरे उदाहरणही आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना ४० वर्षांहून अधिक काळ सांभाळले. मऊ, कुस्करलेले अन्न त्या तोंडानेच घेत. सप्टेंबर २०१० मध्ये मलेरिया झाल्यावर खाणे कमी झाले, तेव्हा नाकातून नळी घातली गेली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या अहवालात हे लिहिलेले आहे. त्यांचे अन्न थांबवावे का, हा प्रश्न न्यायालयापुढे होता. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ते नाकारले आणि परिचारिकांच्या सेवेचे कौतुक केले. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई न्यूमोनियाने गेल्या. एवढ्या मोठ्या निर्णयात नळी कधी आणि का घातली हे सांगता आले, कारण ते कुठेतरी लिहिलेले होते. आपल्या आजोबांनाही तेवढाच हक्क आहे.

आता नळीचे समजून घेऊ. अन्ननलिका आणि श्वासनलिका घशात शेजारी शेजारी असतात. नळी चुकून श्वासनलिकेत शिरू शकते. शुद्धीतला माणूस खोकतो, गुदमरतो. बेशुद्ध किंवा अर्धांगवायूच्या पेशंटला खोकलाही येईलच असे नाही. नळीतून हवा मारून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकायचा, ही आम्हाला शिकवलेली जुनी पद्धत. ती भरवशाची नाही. फुप्फुसात गेलेल्या नळीचा आवाजही पोटावर ऐकू येतो. इंग्लंडमध्ये २००५ सालीच ही पद्धत वापरू नका असा इशारा सरकारी यंत्रणेने दिला. खात्रीचे मार्ग दोन. नळीतून ओढलेला रस पीएच पट्टीवर टाकायचा, आकडा ५.५ किंवा कमी आला तर तो पोटातला आम्ल रस. रस येत नसेल, किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने आकडा जास्त येत असेल, तर एक्स-रे काढायचा आणि जाणकार डॉक्टरांनी तो पाहायचा.

नळी घातली की केसपेपरवर एवढे हवे: तारीख आणि वेळ, नळीचा नंबर, कोणती नाकपुडी, नाकाशी किती सेंटीमीटरची खूण, पीएच किती किंवा एक्स-रे कोणी पाहिला, आणि सही. नळी निघून परत घातली तर पुन्हा हे सगळे. लिहायला दोन मिनिटे लागतात.

घरच्यांनी काय पाहावे?

• प्रत्येक वेळी दूध देण्याआधी नाकाशी असलेली खूण पाहा. ती सरकली असेल, पट्टी सुटली असेल, तर काही देऊ नका. नळी स्वतः आत ढकलू नका. सिस्टरना बोलवा.
• डोके ३० ते ४५ अंश वर हवे. दूध दिल्यावरही अर्धा ते एक तास तसेच ठेवा.
• सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबू नका. सिरिंज उंच धरा, दूध आपोआप उतरू द्या.
• आधी आणि नंतर थोडे स्वच्छ पाणी सोडा. किती, ते सिस्टरना विचारा.
• खोकला, धाप किंवा ओठ निळे दिसले तर लगेच थांबा आणि हाक मारा.
• दुधाची सिरिंज वेगळी ठेवा. सलाइनच्या नळीला ती कधीही लावू नका.
• गोळ्या विचारल्याशिवाय कुटून घालू नका.

तोंडाच्या कॅन्सरचे कितीतरी पेशंट नळीसह घरी येतात. मिश्री, तंबाखू आणि गुटखा यांनी आपल्या वस्त्यांतली बरीच घरे पोखरली आहेत. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर नळीचा नंबर, सेंटीमीटरची खूण, बदलायची तारीख आणि कोणाला दाखवायचे, हे लिहून घ्या. डाळीचे पाणी, नाचणीची पेज चांगली गाळून द्या. सकाळचे उरलेले दुपारी देऊ नका.

कागद मागायला लाजू नका. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. भांडू नका. थकलेल्या सिस्टरवर ओरडून नळी जागेवर येत नाही. "सिस्टर, खूण किती सेंटीमीटरवर आहे, लिहून द्याल का?" एवढे विचारले तरी पुरे. आम्ही स्वतः ड्युटीवर असताना असे कोणी विचारले असते, तर आम्हीही नोंद जास्त नीट केली असती.

दहा रुपयांची एक वही घ्या. वेळ, किती दिले, खूण किती, कोणी दिले, एवढे चार रकाने आखा. रात्री जागणाऱ्याने ती सकाळी येणाऱ्याच्या हातात द्यायची. त्या सुनेकडे अशी वही असती, तर पहाटे दूध देण्याआधी खूण सरकल्याचे तिला दिसले असते.