जावी मातेचा विनयपाठ

आमच्या मॉरिशसच्या शाळेत मराठीच्या तासास एक चुणचुणीत मुलगा मला म्हणाला, “गुरुजी, तू बस.” वर्ग हसला, मी रागावलो. वस्तुतः त्या पोराचा अपराध तो काय? त्याच्या पणजोबांनी कोकणातून मराठी आणली खरी, परंतु घरी आता क्रेओल चालते. ‘तुम्ही’ त्याच्या कानी पडावे कोठून? पुढे जावा बेटातील बालशिक्षणाविषयी वाचनात आले, तेव्हा त्या रागाची मला लाज वाटली.

जावी भाषेत आदर दाखविताना शब्दच बदलतो. सलगीची बोली ती न्गोको, अदबीची ती ‘क्रम’. हा संस्कृत शब्दच तेथे गेलेला. त्याहून वरचे, केवळ थोरांविषयी योजावयाचे शब्द ते ‘क्रम इंग्गिल’. निजणे म्हणजे न्गोकोत ‘तुरु’, क्रमात ‘तिलेम’ आणि वडील निजले असतील तर ‘सारे’. हा शेवटला शब्द स्वतःविषयी कधीही योजावयाचा नाही. मुले हटकून येथेच चुकतात आणि अदबीच्या भरात स्वतःलाच थोर करून बसतात!

ही गुंतागुंत बालकास व्याकरणाने साधत नाही. आई मुलाशी साध्या न्गोकोतच बोलते. मात्र पित्याचा उल्लेख आला की ‘बापाक सारे’ असेच म्हणते. मुलाने जे बोलावयाचे, ते ती त्याच्या वतीने आधी बोलून ठेवते. वडिलांनी हाक मारताच ‘दालेम’ म्हणून ओ द्यावी, थोरांपुढून जाताना वाकून ‘न्युवुन सेवु’ म्हणावे, हेही असेच अंगवळणी पडते. ज्यास हे उमगलेले नाही तो ‘अद्याप जावी झालेला नाही’ असे तेथील लोक म्हणत, अशी नोंद हिल्ड्रेड गीर्ट्झ यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली आहे.

या उतरंडीत लाचारीचाही अंश आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. शंभर वर्षांपूर्वी सुराबायात, सर्वांनी न्गोकोतच बोलावे अशी चळवळही झाली होती. आज अडचण निराळी आहे. मध्य व पूर्व जावातील शाळांत जावी शिकवितात; परंतु अनेक तरुण आईबापांस स्वतःच्याच ‘क्रमा’ची खात्री नसते. चुकून हसे होऊ नये म्हणून ते मुलांशी इंडोनेशियन भाषेत बोलतात. मग ती माता वतीने बोलणार तरी काय?

माझाही वर्ग हसलाच होता. हल्ली कोणी पाहुणे आले की मीच त्या मुलाच्या वतीने प्रथम म्हणतो, “बसा, आपण बसा.” परवा तो जागेवर बसत मोठ्या अदबीने म्हणाला, “गुरुजी, मी बसलात.” या खेपेस मी कोणास हसू दिले नाही.