डोहातल्या सात जणी

दूधगंगा सह्याद्रीतून उतरते, निपाणीच्या सीमाभागात शिरते आणि बोरगाव, सदलगा या पट्ट्यातून वाहत पुढं कृष्णेला मिळते. या मुलखात नदीच्या वळणावर, एखाद्या उंबराखाली, ओळीनं मांडलेले सात दगड आढळतात. अंगाला शेंदूर, पुढ्यात हिरव्या बांगड्या, हळदीकुंकू, खण-नारळ, कधी पानावर दहीभात. या साती आसरा. सात बहिणी. राहतात पाण्याखाली, कुणाला दिसत नाहीत. पण त्यांचा मान चुकला तर धरतात, आणि मनापासून ओटी भरली तर मांडीवर मूल देतात, असं बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्यात.

आता एक साधा प्रश्न. एवढी लांबलचक नदी, मग आसरा नेमक्या डोहातच का राहतात? उतारावर, पायवाटेच्या उथळ पाण्यात का नाही?

उत्तर चहाच्या कपात आहे! कपात चहापत्ती असू द्या आणि चमचा गोल फिरवा. पत्ती कडेला फेकली जायला हवी ना? ती तर तळाशी, मधोमध गोळा होते. 1926 साली आइनस्टाइननं या कोड्यावर लिहिलं आणि त्याच धाग्यानं नद्यांची वळणं उलगडली. वरचं पाणी वेगात असतं, ते बाहेरच्या बाजूला रेटलं जातं. तळाचं पाणी घासून मंद झालेलं असतं, ते आत सरकतं. नदी वळते तिथं हेच घडतं. वरचं पाणी बाहेरच्या काठावर आदळतं, खाली बुडी मारतं, तळ खरवडतं आणि ती वाळू आतल्या काठाला नेऊन टाकतं. वर्षानुवर्षं, न थांबता!

म्हणजे बघा, एका काठाला मऊ वाळू, घोट्याएवढं पाणी, पोरांना खेळायला बोलावणारं. चार पावलं पुढं गेलं की पायाखालची जमीनच गायब. आणि वरून पाहावं तर डोहाचं पाणी शांत, हिरवंगार, जणू काहीच नाही. नदीची सगळ्यात फसवी जागा हीच. सात बहिणींचं घरही हेच.

त्यांचे नियम ऐका. भर दुपारी बाराला डोहावर जायचं नाही. तिन्हीसांजेला जायचं नाही. एकट्यानं तर कधीच नाही. बाराला काठ ओस असतो, गुरंसुद्धा सावलीला बसलेली. बुडणाऱ्याची हाक ऐकणार कोण? सांजेला पाण्याचा ठाव डोळ्यांना कळत नाही. एकेका नियमामागं किती बारकाईनं पाहिलेली नदी आहे!

मग पोरांना सरळ ‘पाणी खोल आहे’ एवढंच का सांगत नाहीत? सांगून बघा. पोरगं लगेच काठी घेऊन खोली मोजायला जाईल. ‘आसरा ओढून नेतात’ हे मात्र ते म्हातारपणापर्यंत विसरणार नाही. पास्कल बॉयर आणि चार्ल्स रॅम्बल या अभ्यासकांनी फ्रान्स, गॅबन आणि नेपाळ अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणी माणसांना गोष्टी सांगून नंतर काय आठवतं ते तपासलं. आपल्या रोजच्या समजुतीला एखादाच धक्का देणारी गोष्ट जास्त टिकते, असं त्यांना आढळलं. 2001 साली त्यांनी ते मांडलं. आसरांकडं बघा. त्यांना बांगड्या आवडतात, दहीभात आवडतो, त्या रुसतात, प्रसन्न होतात. सगळं आपल्या घरातल्या बायकांसारखं. फरक एवढाच, की त्या पाण्याखाली राहतात आणि दिसत नाहीत. स्मरणात रुतून बसायला याहून नेमकी घडण कुठली?

पण ओस काठावर मागं कुणीतरी उभं असल्याचा जो भास होतो, त्याचं काय? सांगणारा खोटं बोलत नसतो. 2006 साली स्वित्झर्लंडमध्ये फिट येणाऱ्या एका 22 वर्षांच्या तरुणीची तपासणी चालू होती. डॉक्टरांनी मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात, सूक्ष्म विजेचा स्पर्श दिला. आणि तिला मागं एक सावली जाणवली! ती गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर सावलीनंही तिला मिठी मारली. ती हातात कार्ड धरून वाचू लागली, तर सावली ते ओढायला बघू लागली. आपलं शरीर कुठं आहे याचा हिशेब मेंदू क्षणोक्षणी मांडत असतो. तो किंचित चुकला, की आपलंच अस्तित्व ‘दुसरं कुणीतरी’ होऊन मागं उभं राहतं. अदृश्याची चाहूल लागण्याची सोय प्रत्येकाच्या कवटीत आहे, माझ्या आणि तुमच्यासुद्धा!

आणि या सात आकड्याचं वय किती असेल? ज्या बदामीच्या चालुक्यांचं राज्य या मुलखावर होतं, ते आपल्या ताम्रपटांत अभिमानानं कोरत, की सप्तमातृकांनी आम्हाला वाढवलं. वेरूळच्या चौदाव्या लेण्यात त्या सात आया आजही ओळीनं बसल्यात. आसरा म्हणजेच मातृका असं नव्हे. पण महाभारतातल्या स्कंदाच्या माताही अशाच दुहेरी आहेत: लहानग्यांना पीडा देणाऱ्या, आणि पूजल्यावर सांभाळणाऱ्या. राजांनी मातृका लेण्यांत कोरल्या. आपल्या बायकांनी नदीकाठचे सात गोटे उचलून मांडले. पूर आला, गोटे वाहून गेले, तर नवे आणता येतात. डोह तिथंच असतो ना!

मला थक्क करतं ते हेच. न दिसणाऱ्यांचं हे जग हवेत तरंगत नाही, दिसणाऱ्या जमिनीवर ते काटेकोर बेतलेलं आहे. पाण्याला आसरा, शेताच्या बांधाला म्हसोबा, मसणवट्याला वेताळ. गावाला जिथं जिथं सावध राहायला हवं, तिथं तिथं कुणीतरी बसवलेलं आहे.

पुढच्या वेळी गावी गेलात, की घरातल्या सगळ्यात थोरल्या आजीला विचारा, आसरा कुठं आहेत? मग नदीत जाळं टाकणाऱ्याला विचारा, सगळ्यात खोल पाणी कुठं? दोघांचं बोट एकाच वळणाकडं गेलं, तर नवल वाटून घ्या आणि आपल्या पोरांना ती जागा दाखवून ठेवा.