सिस्टरची नोकरी : वसई-विरारमध्ये जागा आहेत, पण कोणासाठी?

बारावीचा निकाल लागला की आमच्या दवाखान्यात ताप-खोकल्याबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, मुलीला नर्सिंगला घालू का? इथे जवळपास नोकरी मिळेल का?" याचे उत्तर सोपे आहे. नोकरी मिळेल. मात्र ती कोणती आणि किती पगाराची, हे मुलगी शिक्षण कोठे घेते यावरच बहुतेक ठरून जाते.

आपले शहर किती वाढले ते आपण पाहतोच आहोत. ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती, २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. पूर्वी मोठे दुखणे म्हटले की सर डी. एम. पेटिट, बंगलीचे कार्डिनल ग्रेशियस, नाहीतर थेट मुंबई. आता माणिकपूरपासून विरारपर्यंत नर्सिंग होमच्या पाट्या दिसतात. वीस खाटांच्या नर्सिंग होमचा हिशेब करून पाहा. प्रत्येक पाळीला दोन सिस्टर धरल्या, तर तीन पाळ्या आणि साप्ताहिक सुट्या मिळून सात जणी लागतात, रजा धरल्या तर आठ. अतिदक्षता विभाग असेल तर एका अत्यवस्थ रुग्णामागे एक सिस्टर हवी. तेव्हा गरज आहे, यात शंका नाही.

अडचण वेगळीच आहे. अनेक छोट्या ठिकाणी पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी 'सिस्टर' म्हणवली जाते. तिच्यापैकी कोणी रीतसर शिकलेली असते, कोणी सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, तर कोणी स्वागतकक्षात बसता बसता इंजेक्शन द्यायला शिकलेली. त्या मुलींना मी दोष देत नाही. त्या कष्टाळू असतात, घरच्या गरजेने आलेल्या असतात. पण सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचे पोटॅशियम क्लोराइड कोणी थेट शिरेत सोडले, तर हृदय बंद पडू शकते. इन्सुलिनचे पाहा. एका मि.ली.त शंभर युनिट असलेले औषध चाळीस युनिटच्या सिरिंजमध्ये भरले, तर रुग्णाला अडीचपट डोस जातो. हे पाहून पाहून शिकण्याचे काम नव्हे.

रीतसर वाटा तीन. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींसाठी आहे आणि तो मुख्यतः लसीकरण, गरोदर माता व बालकांच्या कामाचा. जीएनएम तीन वर्षांचा. त्याला कला-वाणिज्यची बारावीही चालते, मात्र इंग्रजी विषय हवा. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, त्याला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते. शेवटचे दोन मुलांनाही खुले आहेत, आणि वॉर्डात 'ब्रदर'ला मागणीही चांगली आहे. प्रवेश-परीक्षेच्या अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचावी, शेजारच्या मुलीच्या अनुभवावर जाऊ नये.

अभ्यासक्रम संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करावी लागते, आणि ती मुदतीत नूतनीकृतही करावी लागते. फी भरण्यापूर्वी संस्थाचालकांना एकच विचारा : "तुमच्याकडून पास झालेल्या मुलीची परिषदेत नोंदणी होते का?" उत्तर गुळमुळीत आले की तेथून उठावे. जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा पेशंट केअरचे छोटे कोर्स अगदीच निरुपयोगी नाहीत. रुग्णाला उठवणे, पुसणे, भरवणे ही मोलाची कामे आहेत. फक्त त्या दाखल्याने कोणी नर्स होत नाही, आणि नर्सच्या फीएवढे पैसे त्यासाठी मोजू नयेत.

आता पगार. सरकारी अधिपरिचारिकेची मूळ वेतनश्रेणी सातव्या वेतन आयोगात ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. कंत्राटी पदांना त्याहून पुष्कळ कमी मानधन असते, म्हणून जाहिरात नीट वाचावी. खासगी रुग्णालयांबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला महिना वीस हजारांपेक्षा कमी देऊ नये. दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी नर्सइतके द्यावे. ही शिफारस आहे, आपोआप लागू होणारा कायदा नव्हे. छोट्या नर्सिंग होमचे मालक माझेच व्यवसायबंधू आहेत, त्यांचे खर्च मला ठाऊक आहेत. तरीही शिकलेल्या सिस्टरला आयाबाईच्या पगारात राबवायचे आणि वर "सिस्टर टिकत नाहीत" म्हणायचे, हे मला पटत नाही. टिकणार कशा? अनुभव मिळाला की ती विरार लोकल पकडते आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात लागते. प्रवासाचे तीन-चार तास आणि नाइट ड्यूटीनंतर डब्यात उभ्याने पेंगणे तिला परवडते, कारण घरी पैसे दिसतात. परदेशी जायचे असेल तर अनुभवाचा दाखला आणि नोंदणी चोख हवी, आणि एजंटाचा परवाना आधी तपासावा.

नोकरी धरताना नेमणूकपत्र लेखी घ्या. पाळी किती तासांची, सुटी कोणत्या दिवशी, हे त्यात असावे. मूळ प्रमाणपत्रे मालकाकडे ठेवायला देऊ नका. पडताळणीला दाखवा आणि परत घ्या.

शेवटी माझ्या खात्याचा विषय. नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येकाने कावीळ बी ची लस घ्यावीच : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिकारशक्ती आली की नाही ते पाहावे. वापरलेल्या सुईवर पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच तर जागा पिळू नये, बोट तोंडात घालू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावे आणि लगेच वरिष्ठांना सांगावे. एचआयव्ही टाळण्याची औषधे लागल्यास ती दोन तासांत सुरू झालेली उत्तम. बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. पाळी संपेपर्यंत थांबू नये, आणि "मॅडम रागावतील" म्हणून तर मुळीच नाही.